उंबऱ्याला हळद

सेनगावच्या पुढे एस.टी. वळली
आणि खिडकीतून पिवळा वास आत आला.
अंगणाअंगणात कुकर, वाफ, शिजलेल्या हळदीचे ढीग.
मी नाकाला पदर लावला.
शेजारची म्हणाली, "नव्या दिसता."

वेंगुर्ल्याहून आले होते मी,
पेटीत चार साड्या, बाळ तोलायचा काटा, सुके बांगडे.
बांगडे पहिल्याच रात्री अख्ख्या गल्लीनं ओळखले.
"काय करायल्या, बाई?" कुणी दारातून विचारलं
की मी काहीतरी करायला शोधायची.
त्यांना एवढंच म्हणायचं असायचं,
बसलीस ना बरी.

उपकेंद्राच्या भिंतीवर मी तक्ता लावला:
नाळेला काही लावू नका, कोरडी ठेवा.
हळदीच्या गावात
हळद नको म्हणायला आलेली बाई.
चौत्राबाईला वाचता येत नव्हतं,
तिनं माझं तोंड वाचलं.
"आमच्यात तसं नसतं," म्हणाली,
आणि तिसऱ्या दिवशी बाळाच्या बेंबीवर
पुन्हा हळद, पुन्हा चुलीतली राख.

लस द्यायची असती तर सोपं होतं.
सुई दिसते, लेकरू रडतं, काहीतरी झालंसं वाटतं.
मी मागत होते काहीच-न-करणं.
आणि काहीच न करणाऱ्या दाईला
दुसऱ्यांदा कोण बोलावतं?
हे कळायला मला तीन उन्हाळे लागले.

तीन उन्हाळ्यांत काय केलंस, विचाराल
तर सांगण्यासारखं फार नाही.
गेले. बसले. बाजेजवळ हात धुतले, पुन्हा धुतले, सगळ्यांच्या देखत.
शमशादबीकडून भाकर थापायला शिकले,
पहिली काठाला फाटली, दुसरी मधोमध,
कितवी फुगली ते तिनंच मोजलं होतं, बाविसावी.
तक्ता दोनदा फाटला, दोनदा चिकटवला.
एकदा साहेबांनी झापलं,
एकदा एका सासूनं, दारातूनच.

पार्वताचं लेकरू सातव्या दिवशी ताठलं,
दूध ओढेना.
मी चिठ्ठी लिहिली, जीपमध्ये बसले,
चौत्राबाई न सांगता मागून चढली.
हिंगोलीपर्यंत एक शब्द नाही.
येताना तिच्या मांडीवर दुपटं होतं,
चारी कोपरे जुळवून घडी घातलेलं.
"बघितलंत?" असं मी म्हणाले नाही.
नोकरीतलं माझं सगळ्यात अवघड काम ते.

दिवाळी सरल्यावर तीच आली.
"तुझं खरं असंल बाई.
पण जीव जगात आला
अन् हळदीचं बोट कुठंच नाही?
रिकाम्या हातानं कशी निघू मी त्या घरातून?"
मला उत्तर सुचलं नाही. प्रशिक्षणात नव्हतं.
ती बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिली,
मग त्याच्यावरूनच हात फिरवत म्हणाली,
"हितं लावते."

तेव्हापासून बाळंतिणीच्या उंबऱ्याला पाच बोटं,
बेंबी कोरडी.
सगळ्याच घरी नाही. वरच्या गल्लीत राख आहे अजून,
आणि माणिकरावांच्या आईशी माझं भांडणही.

परवा गोंदियाहून नवी मुलगी आली.
सामान सोडायच्या आधी वही उघडली.
"लसीचा दिवस गुरुवार कशाला? बाजार असतो.
सोमवार करूया."
आणि माझ्या तोंडून, माझ्याच,
निघालं,
"आमच्यात तसं नसतं."

ती गप्प. मीही.
बाहेर कुणाचा तरी कुकर लागला होता,
तिनं ओढणी नाकाला लावली,
तेव्हा मला कळलं की वास येतोय.

मी पीठ काढलं, परात तिच्याकडे सरकवली.
"थाप," म्हटलं. "पहिली फाटंल.
अन् ते सोमवारचं
उद्या परत सांग."