कुणाचं काय

महिन्याचा शेवटचा शुक्रवार, ब्रँचचं शटर पडल्यावर
मी आणि घोलप.
मिंट रोडच्या मागच्या गल्लीतली परमिट रूम.
दारातला माणूस मला बघून आधी जिना दाखवतो :
फॅमिली वर, एसीत.
आम्ही फॅमिली नाही. आम्ही कॅश आणि क्लिअरिंग.
तरी वर जातो,
कारण मी खाली शिरले की
खालचा सगळा आवाज एकदम अर्ध्यावर येतो.

माझी रम, साधं पाणी, बर्फ नको.
यांना फ्रेश लाइम, खारं.
अकरा वर्षं हे मी असं सांगते
जसा खातेदाराला खातेक्रमांक सांगावा,
आकडा आकडा तोडून.
आणि अकरा वर्षं ट्रे येतो,
रम घोलपपुढे,
लिंबू माझ्यापुढे, वर लाल स्ट्रॉ.

वेटर वळला की आम्ही ग्लास बदलतो.
न बोलता.
काचेवर दोन ओली वर्तुळं उरतात,
चुकीच्या जागी.

पूर्वी मी हटकायचे. मग वेटर सॉरी म्हणायचा,
सॉरी घोलपला.

घोलपचं दुखणं निराळं.
पिणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही.
त्याला विचारतात : माळ घातलीय? गोळ्या चालू आहेत?
वहिनींना घाबरता?
एका सेंडॉफला कुणीतरी गंमत म्हणून
त्याच्या लिंबात व्होडका ओतली.
एक घोट घेतला त्याने.
ग्लास खाली ठेवला, रुमालाने ओठ पुसले
आणि डबा विसरून निघून गेला.
सोमवारी मी डबा धुऊन आणला.
का, ते विचारलं नाही.
तोही मला कधी म्हणाला नाही,
"तुमच्यात चालतं ना, तांडेल मॅडम?"
जे बाकी सगळी ब्रँच म्हणून झालीय,
अगदी मायेने,
पापलेटाचा भाव विचारता विचारता.

आई होळीला घ्यायची. स्टीलच्या पेल्यात, अंगणात,
सगळ्यांदेखत.
दुसऱ्या दिवशी पहाटे धक्क्यावर हजर.
कुणाला काही म्हणायचं असेल तर
ते तोंडावर म्हणायचे, आणि ऐकूनही घ्यायचे.

या शुक्रवारी सोनटक्केला आणलं.
शर्वाणी सोनटक्के, मिरजेची, प्रोबेशनवर,
मेनू उजवीकडून वाचणारी.
"पाणी रेग्युलर की बिसलेरी?"
तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग घोलपकडे,
मग गुन्हा कबूल करावा तसं : रेग्युलर.
आणि प्यायला?
"मला ना, गरम पाणी चालेल."

"अगं, घे ना काहीतरी! इथे कोण बघतंय?"

हे मी म्हणाले.
माझ्याच तोंडून, सेंडॉफच्या त्याच चालीत.
घोलपने चष्म्यावरून पाहिलं,
रागाने नाही,
सही जुळत नसली की बघतो तसं.
मी सुरमई फ्रायचा भाव वाचत बसले. दोनदा वाचला.

ट्रे घेऊन आला तो पोरगा नवीन होता,
मिसरूड नुकतं फुटलेलं.
टेबलाशी थांबला. तीन ग्लास, तीन माणसं.
घोलपकडे बघून त्याचा हात निघाला
आणि मध्येच अडकला.
"कुणाचं काय?"

आम्ही तिघं एकदम बोललो.
त्याला काहीच कळलं नाही.
त्याने ट्रेच मध्ये ठेवला : घ्या आपलं आपलं.

बिल मात्र घोलपपुढेच आलं.
त्याने ते बोटाने माझ्याकडे सरकवलं, पाळी माझी होती.
सोनटक्के बडीशेपेतली खडीसाखर
एकेक खडा वेचून खात होती.
मी कार्ड काढेपर्यंत
तिने मान वाकडी करून
बिल वरपासून खालपर्यंत वाचलं.
गरम पाण्याचे लावले नव्हते.
तिने पुन्हा एकदा बघून घेतलं.