चतुःसीमा

मच्छ्याला, कारखान्याच्या भिंतीपलीकडं
वीस बाय तीसची जागा. दोन खोल्या, एक मोरी,
आणि एक जिना, जो अजून कुठंच जात नाही.
इराप्पांनी किंमत सांगितली, ती मी वहीत लिहिली.
मग वही भरतच गेली.

मुद्रांक. नोंदणी. वकिलानं जुने कागद चाळले, त्याचे.
बँकेचा माणूस येऊन भिंतीवर टकटक करून गेला,
त्या टकटकीचे वेगळे.
मीटरची अनामत, नळाची अनामत,
ई-खात्यावर नाव चढवायचे,
आणि ते याच जन्मात चढावं म्हणून
दोन वेळा चहाचे.
आकडा एकच ऐकून आलेली मी;
उपटायला गेले तर खाली
हरळीसारख्या मुळ्या.

पहिल्या घराला सरकार हात देतं,
शिवलीला मॅडमनी खुर्ची ओढून समजावलं.
व्याजातलं थोडं परत मिळतं, पण घर बाईच्या नावावर हवं,
आणि शपथपत्र हवं की देशात कुठंही
आपलं पक्कं घर नाही.
आई म्हणाली, एवढंच?
हे तर मी न विचारताच सांगितलं असतं की.
वडगावात अठ्ठावीस वर्षं कांड्या भरल्या तिनं,
सात खोल्या बदलल्या.
घरमालकिणींच्या चपला अजून आवाजावरून ओळखते.
नाही म्हणायलाही स्टँप लागतो,
हे ऐकून मात्र ती पदर तोंडाला लावून हसली.

खर्च मी पेनानं लिहिले.
मदतीची रक्कम पेन्सिलीनं.

कागद सगळे कन्नडात.
मी वाचायची, आईला मराठीत करून सांगायची.
ऋणभार, असा शब्द आला आणि मी थांबले.
हे कळलं की, आई म्हणाली, हे आपलंच आहे.
जागेवर आधीचं कुणाचं कर्ज नाही, असा दाखला तो.
तेरा वर्षांचा शोध, कोरा.
बरं झालं, ती म्हणाली,
म्हणजे आपल्या कर्जाला ऐसपैस बसता येईल.

मग चक्कुबंदी. चतुःसीमा.
सीमा हा शब्द आमच्या घरात अण्णांनी आणला होता.
सायकलवरून सभेला जायचे,
रात्री उशिरा येऊन जेवता जेवता सांगायचे,
रेघ कुठून ओढली, कुठून ओढायला हवी होती.
भाड्याच्या खोलीत बसून आम्ही ऐकायचो.
ते गेले तेव्हाही खोली भाड्याचीच,
आणि तेराव्याला मालकिणीनं विचारलं होतं,
पाहुणे किती दिवस?

पूर्वक्के रस्ता. पश्चिमक्के गटार.
उत्तरक्के मुजावर यांचं घर, मधली भिंत सामाईक.
दक्षिणक्के मोकळी जागा.
परत वाच, आई म्हणाली.
वाचलं.
आता त्यांच्यासारखंच वाच, मराठी करू नको.
तिनं चारही दिशा ओठांत घोळवल्या,
जत्रेत हरवू नये म्हणून
पोराला पत्ता पाठ करायला लावतात तशा.

नोंदणीच्या दिवशी मशीन तिचा अंगठा घेईना.
सुतानं रेषा कधीच पुसून नेलेल्या.
कारकुनानं ओला कापूस दिला, पुन्हा, पुन्हा.
तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागला
तेव्हा मागच्या रांगेतल्या कुणीतरी
सुटलो म्हणून श्वास सोडला.

वीस वर्षांचे हप्ते. फिटतील तेव्हा मी एक्कावन्न.
पेन्सिलीची रक्कम अजून पेन्सिलीतच आहे.

संध्याकाळी किल्ली घेऊन गेलो.
लाइट नव्हती. आईनं अंधारात हात फिरवत
बँकेच्या माणसासारखी भिंतीवर टकटक केली,
कान लावून उभी राहिली.
पलीकडून मुजावरांच्या कुठल्याशा पोरानं
तेवढीच टकटक परत केली.

उत्तरक्के, आई म्हणाली.