साठ खांब

घड्याळाच्या आधी खांब होते.
डोमा लाईनमन म्हणाला होता,
"दोन खांबांत पन्नास मीटर. डोये मिटून धर."
म्हणजे साठ खांब, तीन किलोमीटर.
वनरक्षकाच्या भरतीत पोरींना तेवढंच पळायचं असतं.
चार महिने मी खांब मोजत पळाले,
आणि दाराच्या मागे कोळशाने वेळ लिहीत गेले.

पांढरकवड्यात, बसस्टँडामागच्या दुकानात
काचेखाली घड्याळंच घड्याळं.
पहिलं निघालं सोनेरी:
झोप मोजते, रक्तातला ऑक्सिजन मोजते,
आत एकशे दहा खेळ आहेत, ताई,
बर्फावरून घसरायचा पण आहे.
मी विचारलं, याचं जीपीएस स्वतःचं, की फोनच्या भरवशावर?
फोन खिशात ठेवायचा, झालं, तो म्हणाला.
माझ्या ट्रॅकपँटला खिसा नाही,
आणि घरातला एकुलता फोन
पहाटे भावाबरोबर ओलिताला जातो.

दुसऱ्याचा पडदा नुसता बोटावर नाचायचा.
मी बाटलीतल्या पाण्याने बोट ओलं केलं.
नाचणं थांबलं.
पळताना बोट कोरडं कोणाचं असते?

कुंदाने मला कोपराने ढोसलं,
"व माय, सोनेरी घे ना!
लग्नातही घालता येते."

शेवटी अगदी मागून, धूळ पुसत, एक आलं.
करडा पडदा. पाच बटणं.
"जुनं आहे. गाणी नाही, फोन उचलत नाही, कोणी घेत नाही."
अंतर सांगते?
"सांगते."
वेळ?
"तेवढंच तर सांगते."

दोन महिन्यांच्या वेचणीचे पैसे मी दोनदा मोजले.
वेचणीचा कापूस मुकादमाच्या काट्यावर चढला
की दर खेपेला अर्धा किलो कुठे तरी जायचा.
"ओला हाय," म्हणायचा तो,
भर उन्हात.
तेव्हापासून जे जे मोजतं
त्याच्याकडे मी जरा तिरपंच बघते.

पहिल्या पहाटे अंगणात उभी राहिले,
मनगट आभाळाकडे.
पडद्यावर एक रेघ हळूहळू भरत होती,
वरच्या कोणाकोणाची ओळख पटवून घेत.
आई चुलीपासून ओरडली,
"कायले हात वर करून उभी हायेस? कोनाले बलावतं?"
काय सांगणार होते तिला.

पळाले.
धुईत तूर ओली, रस्ता काळा,
एक, दोन, सतरा, एकेचाळीस,
साठाव्या खांबाला हात लावला
आणि बटण दाबलं.

दोन पूर्णांक चौऱ्याऐंशी.

पुन्हा पाहिलं. तेच.
डोमा लाईनमनचे डोळे मिटलेलेच होते तर.
परत येताना दिसलं,
विहिरीपाशी लाईन वळते तिथे
खांब कसे एकमेकांना चिकटून उभे आहेत,
रोज दिसत होते, कधी पाहिले नव्हते.
दाराच्या मागचा सगळा कोळसा
एकशे साठ मीटरने हलका.
या खेपेला काट्यावर मीच बसले होते.

आईने विचारलं, बिघडलं का व घड्याळ?
मी म्हटलं, नाही ना,
तेच तर.

साठाव्या खांबापुढे खांब नाहीत.
तिथून रस्ता सागवानात शिरतो,
रानडुकरांनी रात्री उकरलेल्या मातीचा वास येतो,
आणि रोज मी तिथूनच फिरायचे.
नोकरी जंगलाची मागत होते,
आणि जंगल लागलं की मागे वळत होते.

दुसऱ्या दिवशी वळले नाही.
पायाखाली सागाची पानं पापडासारखी मोडत गेली.
झाडांखाली आकडा जरा अडखळला, मग पुढे सरकला,
नव्वद. चौऱ्याण्णव.
छातीत काही तरी धडधडत होतं,
ते मोजायचं घड्याळ मी घेतलं नव्हतं.
तीनला मनगट थरथरलं,
मुठीत धरलेल्या टोळासारखं.

खूण करायला काहीच नव्हतं.
एक दगड उचलून कडेला ठेवला.

तिसऱ्या दिवशी दगड जागच्या जागी होता.
घड्याळ त्याच्या चार पावलं आधीच थरथरलं.
मी दगडापर्यंत गेले.