जुन्या फळ्या

भाषण एकच आहे. मी फक्त त्याचे कपडे बदलते.
रुवीच्या बँकेत ते कोट घालून जातं,
सोहारच्या कॉलेजात बाह्या दुमडतं,
मंडळाच्या हॉलमध्ये, हळदीकुंकवाच्या आधी,
पदर सावरत वीस मिनिटांत आटोपतं,
कारण मागे कढईत तेल तापलेलं असतं.

भाषणाच्या मधोमध मी एक नाव ठेवलीय.
तिची एक फळी कुजते, बदलतात.
मग दुसरी. मग डोलकाठी, सुकाणू, खिळे.
जुनं असं काहीच राहत नाही.
मी थांबते, पाण्याचा घोट घेते
(घोट ठरलेला आहे, दहाव्या मिनिटाला)
आणि विचारते: ही तीच नाव,
की उरलंय ते नुसतंच नाव?
मराठीत इथे टाळी पडते.
इंग्रजीत पडत नाही, म्हणून तिथे मी
थेट कंपनीकडे वळते:
माणसं गेली, मालक गेला, इमारतही विकली,
लेटरहेड तेवढं तेच.
बँकेतले लोक लिहून घेतात.
काय लिहितात, मी कधी वाकून पाहिलं नाही.

सूरला गेले तो गुरुवार होता.
खाडीकाठी खमीसशेठचा गलबतांचा कारखाना.
"माझ्या माणसांशीही बोला काहीतरी,"
तो बँकेतल्या चहापानात म्हणाला होता, "काहीतरी चांगलं."
प्रोजेक्टरला भिंत मिळेना.
अर्ध्या बांधलेल्या गलबताच्या बरगड्यांखाली
भुशात मांडी घालून तीसेक माणसं,
बेपूरची, मांडवीची, दोघे बलुची.
भाषांतराला हिशेबनीस शशिधरन.
मी चार वाक्यं बोलले की तो एक बोलायचा,
एक बोलले की पाच मिनिटं.

नाव आली. फळ्या बदलल्या. घोट घेतला.
प्रश्न टाकला.
कुणी हसलं नाही. कुणी विचारातही पडलं नाही.
पाहुणी रस्ता चुकलीय, हे तिला कसं सांगावं,
तसे बघत राहिले.

मग कानामागे पेन्सिल खोचलेले हासमचाचा म्हणाले,
"बाई, सगळ्या एकदम कोण बदलतं?
एक काढायची. नवी तापवून
शेजारणीच्या बाकावर वाकवायची.
वाकली तर तिथली. नाही तर फुटते.
मला इथे एकतीस वर्षं झाली,
चार पासपोर्ट, वरचे दात रुवीच्या डॉक्टरचे.
घरी फोन केला तर बायको
तूच का, असं विचारत नाही.
पैसे कधी, ते विचारते."
आता सगळे हसले. शशिधरनसुद्धा,
भाषांतर करायचं विसरून.

"पण जुन्या फळ्या?" मी घाईने म्हटलं,
कारण सोळाव्या स्लाइडवर कुणीतरी
त्या एकेक जमवून दुसरी नाव बांधतो,
माझं खरं कोडं तिथे आहे,
बँकेत तिथे दोन मिनिटं शांतता असते.
"जुन्या?" चाचांनी हनुवटीने मागे दाखवलं.
तीन दगड. काळी पडलेली किटली.
"सागवान आहे, धूर कमी.
तुमचाही त्याच्यावरच झाला मघाशी."

कप माझ्या हातात होता. अर्धा उरलेला.
मी तो संपवला. दुसरं काय करणार.

सोळावी स्लाइड मी काढलेली नाही,
पण ती आली की बटण दोनदा दाबते.
मागच्या मंगळवारी चाचांचं उत्तर
कुरूमच्या एका सभेत सांगून पाहिलं.
पहिल्या रांगेतल्या तरुणाने विचारलं,
यातून टाकाऊ मालमत्तेबद्दलचं धोरण घ्यायचं का?
म्हटलं, तेही घ्या.

त्या रात्री परतताना, कलहातच्या
गॅसच्या दिव्यांपाशी गाडी आली तेव्हा
मी शशिधरनला विचारलं,
माझ्या एका वाक्याचं तुम्ही
पाच मिनिटं काय सांगत होता?
तो बराच वेळ रस्ता बघत राहिला.
"मॅडम, पगाराची तारीख.
तुम्ही पाणी प्यायला थांबलात ना,
त्यांना वाटलं, आता विचारायला हरकत नाही."