सुपडू वेल्डरचे देव

पुस्तकाला पुठ्ठा नव्हता. पहिली अकरा पानं
जामनेर रोडच्या भजीवाल्यानं आधीच
गिऱ्हाइकांच्या हातात दिलेली.
उरलेलं सुपडू सपकाळेनं दीड रुपयात सोडवून आणलं.
तेलानं इतकं आरपार झालेलं
की एका पानातून मागच्या पानावरचा देव दिसायचा.

मी तेव्हा लोको शेडमध्ये अप्रेंटिस.
भुसावळचा मे. डोक्यावरचा पत्रा तडतडायचा,
आणि जेवणाच्या सुट्टीत
कळण्याची भाकरी, ठेचा संपला की
सुपडू इंजिनाच्या चाकाला पाठ टेकायचा,
अधू पाय दोन्ही हातांनी उचलून
हत्यार ठेवावं तसा बाजूला ठेवायचा
आणि वाचायचा.

"पाहा भो, ह्यो थोरला. ईज याच्या हातात,
अन् बायकोले भेतो.
हंस झाला, बैल झाला, सोन्याचा पाऊस झाला,
पन एक डाव मानूस होऊन
कोनाची माफी नाही मांगली यानं."

एका डोळ्याचे राक्षस आले तेव्हा आम्ही हसलो,
कारण काचेची एकेक चौकट कपाळावर सरकवून
आम्ही सगळे तेच बसलो होतो.

बैलाच्या डोक्याच्या पोरावर मात्र
निनाजी कोळी अडला.
डोकं बैलाचं, तर पोळ्याला
शिंगं कोण रंगवत असेल त्याची?
झूल कोण घालत असेल?
सुपडूनं पान चाळून पाहिलं.
"नाही लिव्हेल. दोरा धरून एकजन आला भेटाले,
तो बी तलवार घिऊन."

आणि केसांचे साप झालेली ती बाई.
पाप समुद्राच्या देवाचं, साप हिच्या डोक्यात.
कौतिकबाई राखेतून कोळसा वेचत होती,
पाटी खाली न ठेवताच बोलली,
"मंग पाहू दे तिले. व्हतीन दगड तं होऊ दे."

लंगड्या लोहाराचं पान आलं एका शनिवारी.
मायनंच फेकला त्याला आभाळातून, पाय वाकडा म्हणून.
दिवसभर पडत होता.
दिवसभर, हा शब्द सुपडूनं दोनदा वाचला.
मग बोट पानात ठेवून म्हणाला,
"मले बी मायनं टाकलं भो.
माह्या आधीचे तीन गेले.
मले सुपात घातलं, उकिरड्यालोंग ओढत नेलं,
देवाले वाटलं पाह्यजे, हा कचरा हाये.
शेजारनीनं मूठभर ज्वारी दिऊन इकत घेतलं.
फसला देव.
पाय तेवढा नेला त्यानं, पावती म्हनून."

पुढचं पान तो मनात वाचू लागला.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
मग ते पान त्यानं फाडलं, चौघडी केली,
सदऱ्याच्या खिशात घातली.
भोंगा व्हायला अजून वेळ होता,
तरी आम्ही सगळे उठलो.
सिंधूबाई सुरतेला गेल्याला तेव्हा
दोन वर्षं झाली होती. शेडला माहीत होतं.

पावसाळ्यात एका रात्रपाळीला
त्यानं मला बोलावलं, खिशातून ती चौघडी काढली.
घामानं अक्षरं गेलेली, त्याला पाठ होतं.
लोहाराची बायको, लढाईचा देव,
पलंगावर टाकलेलं तारेचं जाळं,
दोघं अडकलेली,
आणि दारात जमून हसणारे सगळे देव.

"हसतीन. सुपातले हसतातच.
पन येक सांग तू मले, शिकेल हायेस.
डोयाले दिसत नव्हती म्हने ती तार.
कशी वढली आसंन? भट्टी केवढी?
कोनीच इचारलं नाही त्याले.
पुस्तकानं बी नाही."

बाहेर मालगाडी शंटिंग करत होती.
त्यानं डबक्यातून तांब्याच्या तारेचं भेंडोळं काढलं,
एक पदर दिव्यासमोर धरला,
मिटता डोळा करून पाहिला.

"गेज काय आसंन?"

मी आपला अंदाज केला, चाळीस.

सुपडूनं मान हलवली.
"त्याच्याऊन बारीक."