गाड्यावर नाव

कुर्कितायपालेला पाणी संपतं.
नकाशात बोटभर हिरवं,
पलीकडे पुन्हा निळं.
दोन तळ्यांमधल्या अशा जमिनीला आमच्याकडे तायपाले म्हणतात,
आणि लांबच्या वाटचालीलाही जवळजवळ तोच शब्द.
शाळेत कधी लक्षात आलं नव्हतं,
खांद्यात पट्टा रुतला तेव्हा आलं.

कायाक दोघींची. पुढची जागा राइलीची.
यंदा तिच्या गुडघ्यानं नकार दिला
म्हणून तिथे बटाट्यांचं पोतं बसवलंय,
नाहीतर नाव नाक वर काढते
आणि वारा म्हणेल तिकडे वळते.
पोतं बडबड करत नाही,
वल्ह्याचं पाणी तोंडावर उडवत नाही.
सहा दिवसांत मला त्याचा वीट आला.

काठावर चाकं जोडली, नाव गाड्यावर चढवली.
ब्लूबेरी वेचणारा एक पोरगा, ओठ जांभळे,
म्हणाला, "चुकलात. पाणी मागे आहे."
त्याचा मामा वेइयो येऊन चाकांकडे बघत राहिला.
"मधे लाकूडतोड झालीय. रुततील."
एवढंच.
आणि रुतलीच.

मग जुनी रीत:
आधी सामान, मग रिकामं परत, मग नाव.
बाराशे मीटरची वाट, तीनदा.
राइलीची वही अंतर विसाव्यांत मोजते:
'कुर्कितायपाले. चार विसावे.
तिसरा सपाट दगडावर. डास फार. हिल्क्का कुरकुरते.'
मी कुरकुरत नव्हते.
पट्टा कुरकुरत होता.

ओझं असलं की दिसतात फक्त बूट,
आणि बुटांपुढची मुळं.
पण ती मधली फेरी,
हात मोकळे, खांदे अजून वाकलेले,
तेव्हा वाट दिसली.
लिंगनबेरीची कच्ची फळं. सुतारपक्ष्यानं पाडलेला भुसा.
एका बर्चच्या सालीवर, कमरेच्या उंचीवर,
चाकूच्या चार उभ्या रेघा,
एकाहून एक जुनी.
चार उन्हाळे मी याच झाडाला खांदा घासून गेले होते
आणि ती मागे का रेंगाळते म्हणून ओरडले होते.
पाचवी रेघ ओढली नाही.
चाकू सामानात होता, पलीकडच्या काठावर.

परत आले तर वेइयो
नावेच्या पुढच्या टोकाशी उभा, न विचारता.
बाराशे मीटर त्याची पाठ पाहिली.
शर्टाला डिंक, मानेवर डास,
डास मारायला हात मोकळा नाही.
तो थांबू म्हणाला नाही.
मीच म्हणाले. दर खेपेला तो
नाव अशी टेकवायचा
जणू आत कुणी झोपलंय.

रात्री फोनला एका खडकावरच रेंज मिळाली.
"किती विसावे?"
"नऊ."
बराच वेळ नुसता तिच्या स्वयंपाकघरातला नळ ऐकू आला.
"आणि माझ्या जागी बसलाय तो?"
"हलका होत चाललाय. रोज पाच शिजवते."
"मग नाव वळत असेल."
"काठचे दगड भरते. तायपाले आली की काढून ठेवते,
पलीकडे दुसरे उचलते."
नळ बंद झाला.
"माझ्याएवढेच घाल," ती म्हणाली,
"जास्त नको."