मूठ

पहिला मोगरा मी ठोकून मारला.
कुंडीत माती भरली आणि हातांना वाटलं, पेटी आहे.
अंगठ्यांनी कडा दाबल्या, मधे चार ठोसे दिले,
वर पट्टी फिरवून सपाट केलं.
शालन दारात उभी होती. म्हणाली,
"रोप लावताय का कास्टिंग वतताय?"

एकतीस वर्षं शिरोलीत मोल्डिंगला होतो.
पंपांची केसिंग, ट्रॅक्टरचे हब.
दस्तगीर मिस्त्रींनी पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच:
वाळू मुठीत घे, आवळ, मूठ उघड.
बोटांच्या खुणा उमटल्या पाहिजेत.
मग मधोमध मोड,
कड सुरीनं कापल्यागत यायला हवी.
भुरभुरली तर पाणी कमी,
तळव्याला चिकटली तर जास्त,
आणि जास्त पाण्यावर लोखंड पडलं
तर ते पेटीत राहत नाही, उसळतं.
माझ्या डाव्या पोटरीवर त्याची सही आहे.

मोगरा बाराव्या दिवशी गेला.
उपटला तर मुळं काळी, वास डबक्याचा,
आणि माती कुंडीच्या आकारात अख्खी बाहेर आली,
कुठं टवका नाही.
मिस्त्रींनी पाठ थोपटली असती.

कळंब्याच्या नर्सरीत पोरगा आहे, इर्शाद.
त्यानं माझी मूठ बघितली आणि हसला.
"वळली पाहिजे काका, पण बोट लावलं की फुटली पाहिजे."
आमच्यात फुटली तर पगार कापायचे, म्हटलं.
"इथं नाही फुटली तर रोप जातं."

मग गॅलरीत ताडपत्री अंथरली.
जोतिबाकडच्या उतारावरची तांबडी माती, दोन घमेली.
नदीकाठची काळी अर्धंच,
ती एकटी असली की उन्हात भेगाळते, पाण्यात साबण होते.
शेणखत चाळून. भाताचं तूस. निंबोळी पेंड, ओंजळभर.
मेव्हण्यानं साखर कारखान्याची मळी दिली,
वर्षभर उघड्यावर निवलेली.
ताजी असती तर मुळं शिजली असती.
कुठली गोष्ट निवायला किती वेळ घेते
हे मला कुणी सांगायला नको.

वाळूपाशी हात थांबला.
फौंड्रीच्या मागं जळक्या वाळूचा डोंगर पडलाय, फुकट.
पोतं घेऊन गेलोसुद्धा.
काळी, कोळशाची भुकटी खाल्लेली, अजून ओळखीच्या वासाची.
रिकामं पोतं घडी घालून परत आणलं.
जाड नदीची वाळू विकत घेतली, दीड घमेलं.

भोकं पाडायला मात्र कुणाला विचारलं नाही.
पेटीतल्या गॅसला तारेनं वाट काढणारा माणूस मी.
खिळा तापवला, बुडाला पाच.

पाण्याचं वेगळंच.
बोअरचं पाणी कुंडीच्या काठावर पांढरी रांगोळी काढतं,
चहाच्या पातेल्याच्या बुडाला पण तीच.
त्या पाण्यावर कढीपत्ता पिवळा पडला,
शिरा तेवढ्या हिरव्या.
इर्शाद म्हणाला, याला लोह मिळत नाहीये.
मी दोनदा विचारलं, काय मिळत नाहीये?
शालन इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

नळ दिवसाआड येतो, औषधाचा वास घेऊन.
ते पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवतो, सकाळपर्यंत वास उतरतो.
खालच्या दातांच्या डॉक्टरांचा एसी ठिबकतो,
तिथं पाच लिटरचा कॅन लावलाय.
शालनला वाटतं त्यात पेशंटांच्या चुळा असतात.
तिला सांगून दमलो. कढीपत्ता तरारलाय,
ती त्याची पानं आमटीत घालते आणि विषय काढत नाही.

आज दुसऱ्या मोगऱ्याची माती कालवली.
मूठ आवळली, उघडली.
चारी बोटं उमटली होती, मधल्या बोटाचा जुना व्रणसुद्धा.
बोट लावलं.
फुटली.
हात दचकला, मान नाही म्हणाली,
एकतीस वर्षांचा पगार कापल्यासारखं झालं.
पुन्हा वळली. पुन्हा फुटली.
मला वाटतं सहा-सात वेळा तेच करत बसलो.

तेवढ्यात न्हाणीतून हाक आली,
"आंघोळीची बादली कुठाय?"
म्हटलं, थांब,
तिचा वास जायचाय अजून.